नांव आधीं, ओळख मागाहून

शास्त्राच्या इतिहासांत पुष्कळदां नांव आधीं पडतें आणि ओळख मागाहून पटते. इलाँगेटर नामक प्रथिनसंघाची कथा याच जातीची आहे.

१९४९ मध्यें न्यूयॉर्क येथील डॉ. रायली, डॉ. डे व त्यांचे सहकारी यांनीं पांच मुलांच्या एका विलक्षण व्याधीचें वर्णन प्रसिद्ध केलें. हीं मुलें रडत. पण त्यांच्या डोळ्यांतून अश्रु वाहत नसत. किंचित् मनःक्षोभ झाला तरी रक्तदाब एकाएकीं चढे. अश्केनाझी यहुदी कुळांत ही व्याधि वंशपरंपरेनें चालते हें पुढें स्पष्ट झालें. कारण मात्र अर्धें शतक अज्ञातच राहिलें.

दरम्यान निराळ्याच दिशेनें एक शोध चालला होता. पेशींत प्रथिनें गुंफलीं जात असतां आनुवंशिक संकेत वाचून नेमकें ॲमिनो आम्ल हजर करणारा दुभाष्या म्हणजे वाहक आरएनए. १९६५ मध्यें अमेरिकेंतील रॉबर्ट हॉली व त्यांचे सहकारी यांनीं यीस्टमधील अशा एका रेणूची अक्षरमाला प्रथमच लाविली. १४० किलो यीस्टमधून त्यांच्या हातीं शुद्ध द्रव्य आलें तें अवघें एक ग्रॅम! त्या मालेंत नेहमींच्या चार अक्षरांखेरीज कांहीं पालटलेलीं अक्षरेंहि निघालीं. अक्षरावर काना-मात्रा चढवावी, तसे हे रासायनिक फेरफार पेशींतील प्रथिनें मागाहून करीत असतात.

१९९९ मध्यें यीस्टमध्येंच इलाँगेटर सांपडला. डीएनएवरून आरएनएची नक्कल उतरविणाऱ्या एन्झाइमाशीं तो संलग्न दिसला, म्हणून ती नक्कल ‘लांबविणारा’ या अर्थाचें नांव त्यास मिळालें. २००१ मध्यें त्या मुलांच्या व्याधीचें मूळ याच संघांतील एका प्रथिनाच्या जनुकांत असल्याचें उघडकीस आलें. परंतु या संघाचें खरें काम कोणतें?

२००५ मध्यें स्वीडनमधील उमेओ विद्यापीठाच्या संशोधकांनीं दाखविलें कीं, वाहक आरएनए ज्या तीन अक्षरांनीं संकेत वाचतो, त्यांतील पहिलें अक्षर युरिडीन असल्यास कित्येक वाहकांत त्यावर मात्रा चढविण्यास हाच संघ लागतो. त्यांत सहा जातींचीं प्रथिनें असून प्रत्येकाच्या दोन प्रती असतात. ही मात्रा गळाली कीं कांहीं संकेतांचें वाचन मंदावतें. २०१४ मध्यें रुग्णांच्या पेशींतहि या मात्रेचें प्रमाण घटलेलें आढळलें.

नांव आजहि जुनेंच चालू आहे, आणि ती व्याधि अद्याप समूळ बरी होत नाहीं. तथापि त्या कोरड्या डोळ्यांचें कोडें जें कांहीं उलगडलें, तें नांव बाजूस ठेवून काम पाहणाऱ्यांमुळेंच, हें विसरतां कामा नये.