'एच' या अक्षराचा इतिहास : इन्फ्लुएंझाचे एक प्रथिन व त्याच्या परीक्षा

इ. स. २००९ च्या साथीत 'एच१एन१' ही संज्ञा पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांतून घरोघर पोहोचली. तीतील 'एच' हे विषाणूच्या पृष्ठभागावरील हीमॅग्लुटिनिन या प्रथिनाचे आद्याक्षर होय. ग्रीकमध्ये 'हाइमा' म्हणजे रक्त आणि लॅटिनमध्ये 'ग्लुटेन' म्हणजे सरस. प्रथिनाचे हे नाव प्रयोगशाळेत दिसलेल्या एका घटनेवरून पडले आहे.

१९३३ मध्ये स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ यांनी लंडन येथे मानवी इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा केला. पुढे १९४१ मध्ये न्यूयॉर्क येथे जॉर्ज हर्स्ट यांना असे आढळले की, विषाणू वाढविलेल्या अंड्यातील द्रवात कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशी एकमेकींस चिकटतात. त्याच वर्षी कॅनडात मॅक्लेलंड व हेअर यांनीही हेच पाहिले. यातूनच निरोध-परीक्षा सिद्ध झाली. रुग्णाच्या रक्तरसातील प्रतिपिंडांनी विषाणूस आधीच व्यापले, तर पेशी न चिकटता तळाशी ठिपक्यासारख्या बसतात. रक्तरस क्रमाने दुप्पट पातळ करीत हा निरोध कोठवर टिकतो हे पाहिले, म्हणजे प्रतिपिंडांचे मान कळते.

'एच' पुढील अंकही अशाच परीक्षांतून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७१ च्या पद्धतीत १९३४ चा पोर्तो रिकोचा विषाणू 'एच०एन१', १९४७ चा 'एच१एन१' आणि वराहांतील विषाणू 'एचएसडब्ल्यू१एन१' ठरला. १९८० मध्ये आगरच्या थरात प्रतिजन व प्रतिपिंड यांचे विसरण पाहणाऱ्या परीक्षेस आधारभूत मानल्यावर हे तिन्ही गट 'एच१' मध्ये विलीन झाले. विषाणू तेच राहिले. कसोटी बदलली आणि नावे बदलली.

दरम्यान १९७१ मध्ये स्टॉकहोम येथे एंगवाल व पर्लमन यांनी 'एलायझा' परीक्षा प्रसिद्ध केली. तीत प्रतिपिंडास जोडलेल्या एंझाइममुळे रंग उमटतो. रक्तपेशींची आवश्यकताच उरत नाही. प्रथिनाचे नाव मात्र रक्तपेशींच्या चिकटण्याचेच राहिले.

म्हणून जुने अहवाल वाचताना संज्ञेमागील परीक्षा शोधणे अभ्यासकास अगत्याचे आहे. १९७६ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतील सैनिकी तळावर आढळलेला विषाणू त्या काळच्या लेखनात 'एचएसडब्ल्यू१एन१' म्हणून नोंदला आहे. त्यावरील लस तेव्हा घेतलेल्या अनेकांच्या रक्तरसात २००९ च्या विषाणूस ओळखणारी प्रतिपिंडे आढळली. उलट, २००९ पूर्वीच्या हंगामी लसीत 'एच१एन१' हेच नाव धारण करणारा घटक असूनही तिच्यामुळे अशी प्रतिपिंडे फारच थोडी निर्माण झाली. केवळ नावांवर विसंबणाऱ्यास पहिले नाते दिसणार नाही आणि दुसरे नसलेले नाते मात्र दिसेल. आप्तसंबंधाचा निर्णय अखेर परीक्षेनेच करावयाचा. संज्ञा ही त्या निर्णयाची तत्कालीन नोंद असते.