पाणी आटलं आणि वीजकेंद्र बंद पडलं: परळीत काय झालं होतं?

जुलै २०१५. ऐन पावसाळ्यात बीड जिल्ह्यातलं ११३० मेगावॉटचं परळी औष्णिक विद्युत केंद्र पूर्ण बंद करावं लागलं. कारण? पाणीच नव्हतं. २०१३ च्या दुष्काळातही हीच वेळ आली होती.

पण ही वीज तर कोळशापासून बनते. मग पाण्यावाचून केंद्र का अडतं?

कोळशाच्या विजेला पाणी कशाला?

कोळसा जाळून बॉयलरमध्ये पाण्याची वाफ करतात. वाफेच्या जोरावर टर्बाइन फिरतं आणि वीज तयार होते. पुढे ही वाफ थंड करून तिचं परत पाणी करावं लागतं. सगळ्यात जास्त पाणी खर्च होतं ते इथे. वाफ थंड करताना तापलेलं पाणी कूलिंग टॉवरमध्ये सोडतात आणि त्यातलं बरंचसं हवेत उडून जातं. राख वाहून न्यायलाही पाणी लागतं.

किती पाणी लागतं?

केंद्र सरकारच्या डिसेंबर २०१५ च्या नियमानुसार, कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांसाठी मर्यादा आहे एका युनिटमागे साडेतीन लिटर. ऐकायला कमी वाटतं. आता हिशेब करू.

२५० मेगावॉटचा एक संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालला तर ६० लाख युनिट वीज मिळते. साडेतीन लिटरने पाणी झालं २ कोटी १० लाख लिटर. शहरात माणशी रोज १३५ लिटरचा निकष धरला, तर हे दीड लाखाहून जास्त लोकांचं एका दिवसाचं पाणी आहे.

एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आठवत असेल. ५० वॅगनची एक गाडी साधारण २५ लाख लिटर पाणी आणायची. म्हणजे एका संचाला रोज अशा आठ गाड्या लागतील.

हवामान बदलाचा संबंध काय?

मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही. पण पाऊस आणखी बेभरवशाचा होतोय. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या भागावर अतिवृष्टी होण्याचे प्रसंग तिपटीने वाढले, तर मान्सूनचा एकूण पाऊस मात्र घटला.

दुसरीकडे, उन्हाळा तापला की कूलर-एसीमुळे विजेची मागणी वाढते. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॉटवर गेली, तो तेव्हाचा विक्रम होता. धरणं तळाला जातात तीही याच दिवसांत. आणि मागणी भागवायला जास्त कोळसा जाळला की तापमानवाढीत पुन्हा भर पडते.

फटका कुणाला बसतो?

ग्रीड जोडलेली असल्याने एक केंद्र बंद पडलं तरी वीज दुसरीकडून आणता येते. त्यामुळे मुंबई-पुण्यात कदाचित कुणाला कळणारही नाही. परळीत मात्र कंत्राटी कामगार, राखेची वाहतूक करणारे, वीटभट्ट्या या सगळ्यांची कमाई संच चालण्यावर अवलंबून आहे. केंद्राला पाणी येतं गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. गोदावरीच्याच पाण्यावर आसपासच्या गावांची तहान आणि शेती चालते. टंचाईत पिण्याचं पाणी आधी, हे बरोबरच आहे. पण मग केंद्र थांबतं आणि रोजगारही थांबतो.

मग उपाय काय?

एक, सांडपाणी. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रात वापरलं जातं. २०१६ च्या वीजदर धोरणानुसार सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या ५० किलोमीटर परिसरातल्या औष्णिक केंद्रांना हे पाणी वापरणं बंधनकारक आहे.

दोन, सौर आणि पवन ऊर्जा. सौर पॅनल धुण्यापुरतंच पाणी लागतं, पवनचक्कीला जवळपास लागतच नाही. अडचण एवढीच की सूर्य मावळल्यावर सौर वीज थांबते आणि नेमकी संध्याकाळीच घरोघरी मागणी वाढते. त्यासाठी वीज साठवायची सोय हवी.

पुढच्या वेळी नव्या वीज प्रकल्पाची बातमी वाचाल, तेव्हा मेगावॉटच्या आकड्यासोबत एक प्रश्न नक्की विचारा: याला पाणी कुठून आणणार?