काडतुसांची घरगुती पुनर्भरणी : स्वस्त अवजारे कोणती पुरतात?

अमेरिकेत रायफल नेमबाजीचा व शिकारीचा छंद असणाऱ्यांमध्ये उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फेकून न देता घरीच पुन्हा भरण्याची प्रथा दीड शतकाहून जुनी आहे. १८७० च्या दशकात तेथील गवताळ मैदानांत बायसनमागे हिंडणारे शिकारी रात्री तळावर बसून दुसऱ्या दिवसाची काडतुसे भरून ठेवीत. आज या कामासाठी मेजावर पक्की बसवायची, शेकडो डॉलर किमतीची यंत्रे मिळतात. तरीही मेजाच्या खणात मावणारी हातअवजारे मागे पडलेली नाहीत. त्यांतील योग्य अवजाराची निवड किमतीपेक्षा रायफलीच्या प्रकारावर अवलंबून असते.

पुंगळीचे मोल

काडतुसाचे चार घटक असतात : पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेला प्रायमर, आतील धूरविरहित दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. यांपैकी पुंगळी हा सर्वसाधारणपणे सर्वांत महाग घटक असून पुन्हा वापरता येणारा तेवढाच आहे. बार उडताना दाबामुळे पुंगळी फुगून रायफलीच्या कोठीला घट्ट चिकटते, वायू मागे येऊ देत नाही आणि दाब ओसरताच किंचित आक्रसते. मात्र तिचे मूळ माप परत येत नाही. म्हणून भरणीपूर्वी तिला पोलादी साच्यातून काढून मापात आणावे लागते. प्रत्येक वापरागणिक पितळ कठीण व ठिसूळ होत जाते. मानेला चीर दिसली की ती पुंगळी बाद समजावी.

जुना प्रायमर काढणे सोपे की अवघड, हे पुंगळीच्या घडणीवर ठरते. १८६६ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर आणि अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी प्रायमरच्या दोन वेगवेगळ्या पद्धती काढल्या. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. त्यातून सुई घालून प्रायमर सहज बाहेर ढकलता येतो. बर्डन पद्धतीत बाजूला दोन बारीक छिद्रे असल्याने ते जमत नाही. गंमत अशी, की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. अमेरिकेत घरगुती भरणी लोकप्रिय होण्यास ही अदलाबदल मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. स्वस्त अवजारे जवळजवळ सर्व बॉक्सर पुंगळ्यांसाठीच असतात.

अडकित्ता, हातोडी आणि प्रेस

हातअवजारांचे मुख्य प्रकार तीन. पहिला अडकित्त्याच्या घडणीचा. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे ‘आयडियल’ कंपनी स्थापून असे अवजार विक्रीस आणले. १९२५ मध्ये ही कंपनी लायमनकडे गेली आणि त्याच घराण्यातील ‘३१०’ हे अवजार पुढे अनेक दशके प्रसिद्ध होते. दोन दांड्यांमध्ये साचा फिरवून बसवायचा व दांड्या दाबायच्या, एवढीच त्याची रीत.

दुसरा प्रकार हातोडीचा. विस्कॉन्सिन राज्यातील रिचर्ड ली यांनी १९५८ मध्ये ‘ली लोडर’ हा छोटा संच आणला. तो प्रथम छऱ्याच्या बंदुकीसाठी होता. नंतर रायफल व पिस्तुलासाठीही निघाला. साचा, प्रायमर काढण्याची सुई, दारूची छोटी पळी एवढे सामान एका डबीत येते. लाकडी किंवा नायलॉनची हातोडी मात्र वेगळी घ्यावी लागते. सर्वांत कमी खर्चाची सुरुवात याच संचाने होते.

या दोन्ही प्रकारांची मर्यादा सारखीच आहे. ते पुंगळीची फक्त मान मापात आणतात, धड तसेच राहते. त्यामुळे एका बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत उडवलेली पुंगळी त्याच रायफलीत चपखल बसते आणि ती कमी ताणली जाऊन अधिक टिकते. दुसऱ्या रायफलीत मात्र ती अडकू शकते. स्वयंभरण रायफलीत तर पुंगळी पूर्ण मापात असणे आवश्यकच असते. म्हणून एकच बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल असणाऱ्याने हातोडीचा संच घ्यावा. अनेक रायफली किंवा स्वयंभरण रायफल असणाऱ्याला तो स्वस्तात मिळाला तरी महागच पडेल.

अशांसाठी तिसरा प्रकार, म्हणजे हातात धरायचा प्रेस. त्यात पाऊण इंचाहून थोडे मोठे, ७/८ इंच व्यासाचे प्रचलित साचे बसतात. पुढे मेजावरचा प्रेस घेतला तरी तेच साचे चालतात, त्यामुळे पैसा वाया जात नाही. ‘.२२३’ सारख्या लहान पुंगळीला त्यात जोर कमी लागतो. ‘.३०-०६’ सारखी लांब पुंगळी पूर्ण मापात आणताना मात्र हात दुखू लागतात. रायफलीच्या पुंगळीला वंगण न लावल्यास ती साच्यात रुतून बसते, हेही ध्यानात ठेवावे.

येथे काटकसर नको

प्रेस स्वस्त असला तरी काडतूस चांगले होऊ शकते. वजनाच्या काट्याबाबत मात्र तसे म्हणता येत नाही. दारू ‘ग्रेन’मध्ये मोजतात. ७००० ग्रेनचा एक पौंड होतो, म्हणजे एक ग्रेन सुमारे ६५ मिलिग्रॅम. संचातील पळी आकारमान मोजते, वजन नव्हे. दारूचा प्रकार बदलला की त्याच पळीतील वजनही बदलते आणि जास्त दाबाने रायफल फुटून चालवणाराच जायबंदी होऊ शकतो. म्हणून विश्वासार्ह काटा, दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीची अद्ययावत मार्गदर्शिका, पुंगळीची लांबी मोजण्यास व्हर्निअर कॅलिपर आणि डोळ्यांना चष्मा या चार गोष्टी आधी घ्याव्यात. हातोडीने प्रायमर बसवताना तो क्वचित उडतो, तेव्हा चष्म्याचे महत्त्व कळते. दारू नेहमी मूळ डब्यातच ठेवावी. दुसऱ्या डब्यात ओतलेली दारू कोणती, हे पुढे ओळखता येत नाही.

बचतीचा हिशेबही नीट करावा. वर्षाकाठी थोडीच काडतुसे लागणाऱ्याला अवजारांचा खर्च भरून निघण्यास वर्षे लागतात. २०२० ते २०२२ या काळात अमेरिकेत प्रायमरचा तीव्र तुटवडा पडला. तेव्हा अवजारे असूनही अनेकांना हात बांधून बसावे लागले. रायफलीला मानवणारे, अचूक काडतूस तयार करता येणे हा या छंदाचा अधिक टिकाऊ लाभ मानला जातो.

भारतातील कायदा

अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास परवाना लागत नाही. विक्रीसाठी तो लागतो. भारतातील स्थिती अगदी वेगळी आहे. येथे काडतूसनिर्मिती हे परंपरेने सरकारी कारखान्यांचे काम. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे आणि २०२१ पासून तो ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीत मोडतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याविना दारूगोळा तयार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते.

शिवाय ‘दारूगोळा’ या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येत तो तयार करण्याची यंत्रसामग्रीही येते आणि परवान्याविना दारूगोळा देशात आणण्यासही बंदी आहे. अमेरिकेत हा छंद लागलेल्या मराठी माणसाने मायदेशी येताना साच्यांची डबी निरुपद्रवी समजून सामानात टाकू नये. तेथे दुकानात सहज मिळणारी वस्तू येथे गंभीर गुन्ह्याचे कारण ठरू शकते.