बकावलीचा पुढचा जन्म

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नरकचतुर्दशीची पहाट. अभ्यंगस्नाने आटोपली होती, फराळाची ताटे मांडून झाली होती, आणि आमची नात मात्र काही केल्या जागची हलेना. ओल्या केसांनिशी कोपऱ्यात बसून ती मोबाईलच्या चिमुकल्या पडद्याकडे टक लावून पाहत होती, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होते.

"काय गं, काय झालं?" मी घाबरून विचारले.

"आजोबा, तिनं विसरण्याचं औषध प्यायलं. आता तिला तो आठवणारच नाही."

ही 'ती' म्हणजे कोण, याचा मी तपास केला. ती एक नऊ शेपट्यांची पांढरी कोल्हीण होती. कोल्ह्यांच्या देवकुळातली राजकन्या, स्वर्गाच्या युवराजावर जीव जडलेली, आणि एका जन्मातून दुसऱ्या जन्मात त्याच्याशी पुन्हापुन्हा ताटातूट होणारी. २०१७ साली चीनमध्ये निघालेली ही अठ्ठावन्न भागांची मालिका. मूळ कादंबरी तांग ची नावाच्या लेखिकेची. माझ्या नातीने ती मालिका दोनदा पाहिली होती, कादंबरीचे इंग्रजी भाषांतर वाचले होते, आणि तिच्या चार मैत्रिणींनाही हेच वेड लागले होते.

मी निवृत्त शिक्षक. उपदेश करण्याची खोड जाता जात नाही. शिवाय चीन म्हटले की माझ्या पिढीला १९६२ सालचा ऑक्टोबर आठवतो. दिवाळीच्या तोंडावर सीमेवर युद्ध पेटले होते आणि मी चौदा वर्षांचा होतो. तेव्हा मी जरा मोठ्यानेच म्हणालो, "दिवाळीच्या पहाटे चिनी कोल्हिणीसाठी रडतेस? आपल्याकडे काय गोष्टींचा दुष्काळ पडलाय?"

नातीने डोळे पुसले आणि विचारले, "तुमच्या वेळी होत्या का अशा गोष्टी? मग तुम्ही मला कधी सांगितल्या का नाहीत?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर होते. पण ते देण्याची मला लाज वाटत होती. वर्षभर ती लाज उराशी घेऊन मी जुनी पुस्तके चाळत राहिलो. त्यातून जे हाती लागले ते, आणि जे आधीपासूनच ठाऊक होते तेही, आज सांगतो.

आमचे गाव कशेळी. ठाण्याहून भिवंडीला निघालात की बाळकुम मागे टाकून खाडीचा पूल ओलांडताच लागते ते. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामेच गोदामे दिसतात, पण माझ्या लहानपणी इथे भाताची खाचरे आणि खाडीचा वारा याखेरीज काही नव्हते. माझी थोरली बहीण, आम्ही तिला बाय म्हणत असू, चौथीपर्यंत शिकलेली होती. भिवंडीच्या बाजारात पथारीवर स्वस्त पुस्तके मिळत. तिथून कुणा मैत्रिणीच्या हस्ते तिने 'गुलबकावली' मिळवली होती. बाय तेव्हा तेरा वर्षांची होती आणि मी नऊ.

ज्यांना गुलबकावली ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. राजाची दृष्टी जाते. ती परत आणणारे फूल परीलोकात, बकावली नावाच्या परीच्या बागेत फुललेले असते. धाकटा राजपुत्र ताजुल्मुल्क ते फूल आणतो, आणि फुलापाठोपाठ परीही त्याला शोधीत येते. मनुष्य आणि परी यांचे प्रेम! इंद्राला ते खपत नाही. तो शाप देतो आणि बकावलीचा कमरेखालचा देह संगमरवराचा होतो. या कथेला १७२२ साली इज्जतुल्ला बंगाली यांनी फार्सी रूप दिले, १८०३ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात निहालचंद लाहोरी यांनी ती उर्दूत आणली, आणि तिथून ती हिंदुस्थानच्या भाषाभाषांतून हिंडली. १९२४ साली मुंबईच्या कोहिनूर कंपनीने तिचा मूकपट काढला. परीलोकात इंद्राचा दरबार आणि इंद्राच्या दरबारात फार्सी नावांच्या पऱ्या, याचे वाचकांना कधी नवल वाटले नाही. गोष्टीला कुणी जातगोत विचारीत नाही.

बायने पुस्तक अर्धे वाचले होते. परी अर्धी दगडाची झाली, इथपर्यंत ती आली होती. रात्री चिमणीच्या उजेडात ते चालले असता मी पाहिले आणि सकाळी वडिलांना सांगितले. का सांगितले? शाबासकी मिळावी म्हणून, दुसरे काही कारण नव्हते. वडिलांनी एक शब्द न बोलता पुस्तक चुलीत घातले. त्याच वर्षी बायच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. हा दुवा मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळला.

आता इतिहास पाहू. मराठी कादंबरी जन्मली ती बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'तून, १८५७ साली. विधवांची दुःखे सांगणारे ते पुस्तक. पण चारच वर्षांनी, १८६१ साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली आणि अद्भुतरम्य कादंबऱ्यांची लाट उसळली. १८६६ साली हळब्यांचीच 'रत्नप्रभा', १८६८ साली नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. राजपुत्र, राजकन्या, ताटातुटी, अरण्ये, योगायोग आणि शेवटी मीलन. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणल्या आणि जिनांनी व जादूगारांनी मराठी घरांत बिऱ्हाड केले. मग नाथमाधवांची 'वीरधवल' आली, १९१३ साली. शिकारीला गेले असता कड्यावरून कोसळून कमरेखाली लुळा पडलेला हा लेखक वाचकांना अद्भुताच्या मुलखात दौडत नेत होता. १९५२ सालापासून 'चांदोबा' मराठीत येऊ लागला, तो तर आमच्या पिढीचा जीव की प्राण.

शहाण्या मंडळींनी या साऱ्याला नाके मुरडली. काशीनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल व नाटक यांवर निबंध लिहून या पुस्तकांचा समाचार घेतला. पण मला सर्वांत मोलाचे वाटते ते रिसबुडांचे म्हणणे. 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत त्यांनी आपली अडचण मोकळेपणाने सांगितली आहे. आपल्या लग्नाच्या चालीरीतींमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात गोडी वाटावी असे काही घडतच नाही. रोजचे जगणे लिहिले तर त्यात वाचकाचे मन गुंतणार कसे? म्हणून नाइलाजाने अद्भुताचा आश्रय करावा लागतो, असा त्यांच्या सांगण्याचा आशय.

नाइलाजाने! हा आशय ध्यानी आला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ स्वस्थ बसलो. ज्या समाजात मुलीचे लग्न बाराव्या वर्षी, न विचारता, कुळ पाहून होते, तिथे प्रेमाची गोष्ट सांगायची कुठे? ती परीलोकातच सांगावी लागणार. जातीची आणि कुळाची भिंत जशीच्या तशी दाखवता येत नाही, म्हणून कथा त्या भिंतीला दुसरे नाव देते. तो माणूस आणि ती परी. वाचणाऱ्या मुलीला बरोबर समजते की ही भिंत कुठली. आणि पुस्तक चुलीत घालणाऱ्या बापालाही ते समजलेले असते.

हीच गोष्ट मला चीनमध्येही आढळली. पू सोंगलिंग हा सतराव्या शतकातला गृहस्थ. सरकारी परीक्षा देतादेता त्याचे आयुष्य सरले. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवून तो पोट भरीत असे. त्याने जवळजवळ पाचशे अद्भुत कथा लिहिल्या. त्यांत रात्री गरीब विद्यार्थ्याच्या खोलीचे दार ठोठावणाऱ्या सुंदर स्त्रिया आहेत, आणि त्यांतल्या कित्येक कोल्हिणी निघतात. तो १७१५ साली वारला. पुस्तक छापले गेले १७६६ साली. माझ्या नातीची कोल्हीण याच कळपातली.

दुसरी कथा श्वेतसर्पिणीची. हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी एक नागीण स्त्रीरूप घेऊन साध्या माणसाशी संसार थाटते आणि एक भिक्षू तिला लेइफंग मनोऱ्याखाली कोंडतो. लू शुन हा आधुनिक चीनचा थोर लेखक. लहानपणी आजीने त्याला ही कथा सांगितली होती, आणि हा मनोरा पडावा एवढीच त्याची इच्छा उरली होती. १९२४ सालच्या सप्टेंबरात तो मनोरा खरोखरच कोसळला. लू शुनने लेख लिहून आपला आनंद जाहीर केला. एवढा बुद्धिवादी मनुष्य, पण आजीच्या नागिणीची बाजू त्याने सोडली नाही.

चिनी वडीलमंडळीही आपल्यासारखीच. १९२८ साली शांघायमध्ये लाल कमळाच्या मंदिराच्या दहनाचा चित्रपट निघाला. उडणाऱ्या तलवारी आणि सिद्धपुरुष पाहून लोक इतके खुळावले की त्याचे एकामागून एक अठरा भाग निघाले. पोरे घर सोडून डोंगरात गुरू शोधायला पळतात, अशी ओरड झाली आणि १९३१ साली सरकारने त्यावर बंदी घातली. आज या प्रकाराला 'शियानशिया' म्हणतात. 'शियान' म्हणजे तपाने अमर झालेला सिद्ध, 'शिया' म्हणजे शूर. ज्यांनी नवनाथांच्या पोथीत सिद्धी मिळवलेल्या मच्छिंद्रनाथांना स्त्रीराज्यात रमलेले पाहिले आहे, त्यांना यात परके काय वाटावे?

देवाणघेवाणही जुनीच. बौद्ध ग्रंथ चिनी भाषेत गेले तेव्हा आपल्या नागाला तिकडच्या जलवासी महासर्पाचे नाव मिळाले आणि आपले नागराजे त्यांच्या समुद्रांचे राजे होऊन बसले. सातव्या शतकात युवानच्वांग महाराष्ट्रात आला. मराठी माणूस उपकार विसरत नाही आणि अपमानही विसरत नाही, असे त्याने पुलकेशीच्या या देशाबद्दल नोंदवले. पुढे चिन्यांनी त्याच यात्रेकरूभोवती वानर, वराह आणि नाना राक्षस गुंफून १५९२ साली छापून निघालेली भली थोरली कादंबरी रचली. आपल्या भूमीवर चाललेला माणूस तिकडे अद्भुतकथेचा नायक झाला.

हे सारे मी या वर्षी नातीला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या परीचं पुढे काय झालं? दगडाची झाली ती?"

मी सांगितले. ज्या देवळात ती अर्धी दगडाची होऊन राहिली होती, ते उद्ध्वस्त झाले. त्या जागी एका शेतकऱ्याने मोहरी पेरली. ती मोहरी त्याच्या बायकोने खाल्ली, आणि बकावली त्या घरी लेक होऊन पुन्हा जन्मली. राजपुत्र तिची वाट पाहत राहिला.

"म्हणजे अगदी माझ्यासारखीच गोष्ट!" नात टाळी वाजवून म्हणाली. "हे मोठ्या आजीला सांगितलंत का?"

नव्हते सांगितले. अडुसष्ट वर्षे झाली. बाय आता एक्क्याऐंशी वर्षांची आहे. भाऊबीजेला ती आली. ओवाळून झाल्यावर, ताट हातात असतानाच, मी तिला म्हणालो, "बाय, ते पुस्तक मी जाळवलं."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "तूच चुगली केलीस. दुसरं घरात होतं कोण?"

मग मी तिला मोहरीच्या शेताची हकीकत सांगितली. तिने शांतपणे ऐकली. मला वाटले, आता तिच्या डोळ्यांत पाणी येईल. पण ती हसली.

"मी माझ्या पोरांना निराळंच सांगत आले," ती म्हणाली. "माझ्या गोष्टीत ती दगडाची राहतच नाही. भावाला पश्चात्ताप होतो, तो पाणी आणून शिंपडतो आणि ती उठून चालायला लागते. तुझ्या पुस्तकापेक्षा माझंच बरं आहे."

नातीने मोबाईल बाजूला ठेवला आणि ती मोठ्या आजीच्या मांडीपाशी सरकली. "मोठी आजी, पहिल्यापासून सांग," ती म्हणाली. बायने चकलीचा तुकडा मोडून तोंडात टाकला आणि सुरुवात केली. मीही पाटावरून उठलो नाही.