साठेखत आणि खरेदीखत

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे घराच्या कागदांनी शिकविले. सासूबाईंच्या पाटल्या मोडून मामंजींनी पनवेलात दोन खोल्या घेतल्या. हाती आले नुसते साठेखत. विकणारे गृहस्थ वारले, आणि त्यांच्या मुलांनी खरेदीखतासाठी पुन्हा पैसे मोजून घेतले.

साठेखत हा केवळ विक्रीचा करार. मालकी येते ती नोंदलेल्या खरेदीखतानेच, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच सांगून ठेविले आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांत कागद नोंदणीस द्यावा, हे १९०८ च्या नोंदणी कायद्याने ठरविले. १९६३ मध्ये महाराष्ट्रात फ्लॅटचा कायदा झाला. करार नोंदविण्याआधी वीस टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास त्याने बिल्डरला मनाई केली. १९७० मध्ये सिडको आली, आणि आपल्या तालुक्यात भातशेतीच्या जागी इमारती उठल्या. २०१६ च्या रेरा कायद्याने ते वीस टक्के दहावर आणले.

तेव्हा पैसे देण्याआधी सातबारा किंवा मालमत्ता पत्रक पाहावे, खरेदीखत नोंदवावे, आणि त्यावर आपलेही नाव घालावे. पाटल्या सासूबाईंच्या गेल्या. नाव मात्र त्यांचे एकाही कागदावर नव्हते.