पणजीचा आदिलशाही राजवाडा : एका वास्तूची स्थित्यंतरे

कुलदेवतेच्या दर्शनासाठी आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे गोमंतकात जातात. फोंडा महालातील देवळे, पणजीचा बाजार आणि मांडवीचा काठ एवढे पाहून बहुतेक मंडळी परततात. त्याच काठावर, नदीकडे तोंड करून, उतरत्या कौलारू छपरांची एक दुमजली इमारत उभी आहे. जुने लोक तिला सचिवालय म्हणत. तिचे मूळ नाव मात्र आदिलशहाचा राजवाडा. राज्यकर्त्यांच्या निवासाचा इतिहास बहुधा राज्यकर्त्यांचाच इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु त्या दारातून आत कोणास जाता येत होते व कोणास नव्हते, या दृष्टीने पाहिले असता तोच इतिहास प्रजेचाही होतो. त्याच दृष्टीने या वास्तूचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे.

विजापूरच्या युसूफ आदिलशहाने इ. स. १५०० च्या सुमारास हा वाडा बांधला. त्या काळी पणजी हे नगर नव्हते. खाजण आणि माडांच्या राया यांमधील एक लहानशी वस्ती होती. समुद्रातून गोव्याच्या बंदराकडे जाणाऱ्या प्रत्येक गलबताला या वाड्यासमोरून जावे लागे. म्हणून वाड्यास किल्ल्याचेही काम होते, व त्यावर तोफा चढविलेल्या होत्या. १५१० साली आफोंसो द आल्बुकर्कने गोवा जिंकले, परंतु काही महिन्यांतच त्यास ते सोडावे लागले. पावसाळ्यामुळे त्याचे आरमार समुद्रात जाऊ शकेना व ते मांडवीतच अडकून पडले. तेव्हा याच ठाण्याच्या तोफांनी त्यास बेजार केले, आणि त्याच्या शिपायांनी रात्री छापा घालून त्या तोफा हस्तगत केल्या. त्याच वर्षी २५ नोव्हेंबर रोजी गोवा पुन्हा पोर्तुगीजांच्या हाती गेले.

नव्या धन्यांनी वाडा आपल्या सोयीप्रमाणे बदलला. स्वदेशाहून येणारे व स्वदेशी परतणारे व्हाइसरॉय येथे उतरू लागले. मूळ बांधकामाचा बराचसा भाग या फेरबदलांत लोपला. नाव मात्र टिकले. पोर्तुगीजांच्या तोंडी आदिलखानाचा ‘इदलकाँव’ झाला, व त्याच नावाने ते या वाड्यास ओळखीत राहिले. ज्याचे राज्य घेतले त्याचेच नाव शतकानुशतके घराला लावावे, हा काळाचा विनोदच म्हणावयाचा.

पुढे रोगराईमुळे जुने गोवे ओस पडू लागले. व्हाइसरॉयांनी प्रथम पणेली येथे बिऱ्हाड हलविले व १७५९ साली ते या वाड्यात कायमचे राहावयास आले. वाड्यामागोमाग कचेऱ्या आल्या आणि कचेऱ्यांमागोमाग वस्ती आली. दों मानुएल द पोर्तुगाल इ काश्त्रू या गव्हर्नराच्या कारकिर्दीत (१८२७ ते १८३५) दलदली बुजवून रस्ते आखण्यात आले, आणि १८४३ साली पणजी ही ‘नोव्हा गोवा’ या नावाने अधिकृत राजधानी झाली. अशा रीतीने एका वाड्याने एक नगर वसविले.

याच काळातील एक प्रकरण आपण विसरता कामा नये. नेवरे गावचे बेर्नार्द पेरिस द सिल्व्हा हे गोमंतकीय गृहस्थ पोर्तुगालच्या राणीच्या हुकुमाने गोव्याचे प्रमुख प्रशासक नेमले गेले, व १४ जानेवारी १८३५ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली. तीन शतकांत प्रथमच या भूमीचा पुत्र तिचा कारभार पाहणार होता. परंतु पुरते तीन आठवडेही लोटले नाहीत तोच लष्कराने बंड करून त्यांस पदच्युत केले, आणि त्यांस मुंबईचा आश्रय घ्यावा लागला. हुकूम राणीचा होता, तरी दरवाजा ज्यांच्या ताब्यात होता त्यांस तो मानवला नाही.

१९१८ साली गव्हर्नर जनरल काबो येथील प्रासादात राहावयास गेले आणि वाड्यात केवळ दप्तरे उरली. १९४५ साली वाड्यालगत आबे फारिया यांचा पुतळा उभारण्यात आला. कांदोळीत जन्मलेल्या व संमोहनविद्येत युरोपात नाव मिळविलेल्या या धर्मगुरूचा पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडविला. १७८७ च्या पिंटोंच्या उठावाशी फारियांच्या पित्याचे नाव जोडले जाते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या जागेचे औचित्य अधिकच जाणवते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाले. दारावरील व्हाइसरॉयांच्या राजचिन्हाच्या जागी अशोकचक्र आले. डिसेंबर १९६३ मध्ये निवडणुका होऊन भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आणि ९ जानेवारी १९६४ रोजी विधानसभेची पहिली बैठक भरली. पेरिस द सिल्व्हांच्या पदच्युतीनंतर सुमारे १२९ वर्षांनी, आणि या वेळी राणीच्या हुकुमाने नव्हे तर लोकांच्या मताने, या मातीतली माणसे त्या वाड्यात बसली. बहुजन समाजातून आलेला मुख्यमंत्री व्हाइसरॉयांच्या घरातून कारभार पाहू लागला, ही घटना कोणत्याही बांधकामाहून मोठी होय. कूळकायद्याचा आणि गावोगावच्या शाळांचा विचार याच भिंतींच्या आत झाला. ४ फेब्रुवारी १९८७ चा राजभाषा कायदाही याच विधानसभेने संमत केला. त्याने कोंकणी राजभाषा झाली व मराठीच्या शासकीय वापरासही तरतूद राहिली. त्यावरून वाद पुष्कळ झाले. पण आपल्या भाषेचा वाद आपल्याच सभागृहात आपणच घालावा, हा अधिकारही लहान नव्हे.

२००० साली विधानसभा पर्वरीस गेली. त्यानंतर वाड्याची डागडुजी झाली, आणि २०१६ पासून तेथे कलामहोत्सवातील प्रदर्शनेही भरली. किल्ला, निवास, कचेरी, विधानसभा व प्रदर्शन अशी ही परंपरा होय. यांतून एक गोष्ट स्पष्ट होते : वास्तू टिकते ती दगडचुन्याच्या बळावर नव्हे, तर प्रत्येक पिढीला तिचा काही उपयोग सापडतो म्हणून. उपयोग सरला की छपर गळू लागते, आणि मग मोक्याच्या जागेवर व्यापाऱ्याची नजर जाते. नदीकाठच्या जागेस आज जे मोल आले आहे ते पाहता ही भीती निराधार नाही.

म्हणून समाजबांधवांस एवढीच विनंती की, पुढील खेपेस देवदर्शन आटोपल्यावर मुलाबाळांस घेऊन या वाड्यापाशी अवश्य जावे, आणि त्यांस सांगावे की जे दार साडेचार शतके आपल्या पूर्वजांस बंद होते, ते उघडावयास फार मोठी किंमत पडली आहे. ते उघडे ठेवणे हे आता त्यांचे काम आहे.