वडपळणीचा चांदोबा : मराठी सुट्टीतील वाचनाचा मद्रासी इतिहास

मराठी बालवाङ्मयाचा इतिहास सामान्यतः पुणे-मुंबई या अक्षाभोवती लिहिला जातो. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी सुरू केलेले ‘आनंद’, साने गुरुजींची ‘श्यामची आई’, भा. रा. भागवतांच्या साहसकथा आणि १९७१ पासून पाठ्यपुस्तक मंडळातर्फे निघणारे ‘किशोर’ हे या इतिहासातील परिचित टप्पे होत. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी मुलांनी वार्षिक परीक्षा संपल्यावर, एप्रिल-मे महिन्यांच्या लांब दुपारी, प्रत्यक्षात काय वाचले असा प्रश्न विचारला, तर उत्तर या अक्षाच्या बरेच बाहेर जाते. ते मद्रासच्या वडपळणी भागात, चित्रपटांच्या कलागारांना लागून उभ्या असलेल्या एका छापखान्यापर्यंत पोहोचते. ‘चांदोबा’ हे मासिक मराठी होते. मात्र त्याची कल्पना, कथा, चित्रे आणि छपाई मद्रासची होती. एखाद्या भाषेतील वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांचे कल्पनाविश्व घडविणारा ग्रंथव्यवहार त्या भाषेच्या वाङ्मयेतिहासात जवळजवळ अदृश्य राहतो, ही गोष्ट तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे.

तमिळ प्रदेशातून मराठी मुलांसाठी पुस्तक येण्याचा हा पहिला प्रसंग नव्हता. तंजावरचे सरफोजी राजे दुसरे यांनी आपल्या राजवाड्यात देवनागरी मुद्रणालय स्थापन केले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथून सख्खन पंडिताने केलेला इसापच्या कथांचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने बाहेर पडला. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ आणि ‘इसपनीति’ मुंबईत प्रसिद्ध होण्यास त्यानंतर सुमारे वीस वर्षे जावी लागली. मात्र तंजावरच्या पुस्तकामागे मराठी राजसत्ता आणि मराठी जाणणारा दरबार होता. ‘चांदोबा’च्या मागे तसे काहीच नव्हते. त्याचे चालक तेलुगू भाषक होते, त्यांचे शहर तमिळ होते आणि त्यांचा मराठी वाचक शेकडो कोस दूर होता. तंजावरचे पुस्तक राजाश्रयाने निघाले. ‘चांदोबा’ बाजारपेठेने निर्माण केला.

बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये, स्वातंत्र्यापूर्वी जेमतेम महिनाभर, तेलुगूत ‘चंदमामा’ आणि तमिळमध्ये ‘अंबुलिमामा’ सुरू केले. १९४९ मध्ये कन्नड व हिंदी, १९५२ मध्ये मराठी व मल्याळम आणि पुढे गुजराती, इंग्रजी, ओडिया इत्यादी आवृत्त्यांची भर पडली. चक्रपाणी, म्हणजे आलूरी वेंकट सुब्बाराव, हे स्वतः अनुवादक होते. शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या बंगाली कादंबऱ्या त्यांनी तेलुगूत आणल्या होत्या. त्यांचा चित्रपटसृष्टीतील प्रवेशही मराठी साहित्याच्या वाटेने झाला, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे. पी. पुल्लय्या यांच्या ‘धर्मपत्नी’ (१९४१) या तेलुगू चित्रपटाची कथा वि. स. खांडेकरांची, संवाद चक्रपाणींचे आणि चित्रीकरणाचे स्थळ कोल्हापूर होते. एका मराठी कथाकाराला तेलुगू बोलते करणारा लेखक दहा वर्षांनी तेलुगू कथांना मराठी बोलते करणाऱ्या उद्योगाचा सूत्रधार झाला.

साप्ताहिक-मासिके आणि चित्रपट एकाच छत्राखाली चालविण्याची पद्धत त्या काळच्या मद्रासमध्ये रुळलेली होती. एस. एस. वासन यांच्याकडे ‘आनंद विकटन’ हे नियतकालिकही होते आणि जेमिनी स्टुडिओही. त्यांच्या ‘चंद्रलेखा’ने १९४८ मध्ये तमिळनंतर हिंदी रूप घेऊन मद्रासच्या भव्य दृश्यकलेला उत्तरेची बाजारपेठ मिळवून दिली. महाराष्ट्रातील जवळचे उदाहरण आचार्य अत्रे यांचे. ‘नवयुग’ साप्ताहिक चालविणाऱ्या अत्र्यांनी ‘श्यामची आई’ १९५३ मध्ये पडद्यावर आणली आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. दोन्ही ठिकाणी वाचनाचा आनंद आणि पाहण्याचा आनंद परस्परांना पोसत होते. पण फरकही मूलभूत आहे. अत्र्यांनी एका भाषेतील एक प्रिय पुस्तक त्याच भाषेच्या प्रेक्षकांपुढे ठेवले. मद्रासच्या निर्मात्यांनी आरंभापासूनच एकाहून अधिक भाषांचा हिशेब मांडला.

नागी रेड्डी व चक्रपाणी यांच्या विजया संस्थेचे चित्रपट या दृष्टीने ‘चांदोबा’शी ताडून पाहण्याजोगे आहेत. ‘पाताळ भैरवी’ (१९५१) तेलुगू व तमिळ रूपांत तयार झाला, नंतर हिंदीतही आला. ‘मायाबझार’ (१९५७) तेलुगू व तमिळ अशा दोन रूपांत निघाला. अशा द्वैभाषिक निर्मितीत नेपथ्य, वेशभूषा, छायालेखन आणि दृश्यांची मांडणी बव्हंशी समान राहते. संवाद बदलतात, गाणी बदलतात, गरजेप्रमाणे काही नटही बदलतात. ‘चांदोबा’चे तत्त्व नेमके हेच होते. कथा प्रथम तेलुगूत सिद्ध होत, मग अन्य भाषांत नेल्या जात. चित्रे मात्र सर्व भाषांत तीच राहत. सांगलीतील मुलगी, विजयवाड्यातील मुलगा आणि मदुरेतील त्यांचा समवयस्क एकच राक्षस, एकच राजवाडा आणि एकच जटाधारी मांत्रिक पाहत असत, फक्त त्यांच्याविषयी तिघे आपापल्या भाषेत वाचत. येथे चित्र मूळ आहे आणि भाषा ही त्याची आवृत्ती आहे. मूळ संहिता व अनुवादित संहिता या जोडीवर उभारलेली अनुवादमीमांसा अशा निर्मितीपुढे अपुरी पडते.

‘मायाबझार’च्या कथेचा प्रवास हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने दाखवितो. बलरामाची कन्या आणि अभिमन्यू यांच्या विवाहाची, घटोत्कचाच्या मायेने रंगलेली ही कथा व्यासांच्या महाभारतात नाही. ती प्रादेशिक परंपरांनी निर्माण केली. तेलुगूत नायिका शशिरेखा आहे, मराठीत ती वत्सला किंवा सुरेखा म्हणून परिचित आहे. बाबूराव पेंटरांनी १९२५ मध्येच कोल्हापुरात ‘मायाबझार’ हा मूकपट काढला होता, आणि १९३५ च्या तमिळ बोलपटाच्या पर्यायी नावातही ‘वत्सला’ होतीच. म्हणजे मराठी प्रेक्षकाला १९५७ चा मद्रासी चित्रपट परका वाटण्याचे कारण नव्हते. हे आख्यान कोणत्याही एका प्रांताचे नसून दक्षिणापथाच्या सामायिक रंगपरंपरेचे होते. ‘चांदोबा’ला मराठी घरांत सहज जागा मिळाली तिचे एक कारण या सामायिकतेत शोधावे लागते.

मासिकाच्या नावातही तुलनेला वाव आहे. तेलुगू, कन्नड व हिंदीत ‘मामा’, तमिळमध्ये ‘मामा’, मल्याळममध्ये ‘अम्मावन’ आणि ओडियात ‘मामू’: चंद्राशी आईच्या भावाचे नाते या सर्व नावांत उघड आहे. मराठीतही चांदोमामा आहे, आणि उन्हाळी सुट्टीचा सांस्कृतिक पत्ता तर मामाचे गाव हाच आहे. तरीही मराठी आवृत्तीने ‘चांदोबा’ हे नाव घेतले. विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांच्या ओळीत बसणारा हा ‘बा’ आदर आणि सलगी एकदम व्यक्त करतो. मामाचे नाते वगळून दैवत व बाळ यांच्यामधला सूर साधणारे हे नामकरण शब्दशः भाषांतर नाही. ज्या कोणी ते सुचविले त्याला मराठी बालभाषेचा कान होता, एवढे निश्चित म्हणता येते.

‘चांदोबा’चे सर्वांत लोकप्रिय सदर विक्रम-वेताळाचे. शव खांद्यावर टाकून, हाती तलवार घेऊन स्मशानातून चालणाऱ्या राजाचे के. सी. शिवशंकरन यांनी, अर्थात ‘शंकर’ यांनी, रेखाटलेले चित्र हीच या मासिकाची ओळख बनली. मुळात ही कथामाला पंचवीस कथांची. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त तिचा नायक त्रिविक्रमसेन आहे आणि तो गोदातीरीच्या प्रतिष्ठान नगरीत, म्हणजे पैठणास, राज्य करतो. ज्या गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’वर सोमदेवाने आपला ग्रंथ आधारला, त्या गुणाढ्याची आख्यायिकाही सातवाहनांच्या प्रतिष्ठानाशी जोडलेली आहे. गोदातीरीचा हा राजा पैशाची, संस्कृत आणि तेलुगू अशा मुक्कामांनंतर वडपळणीच्या छापखान्यातून पुन्हा मराठीत आला. त्याला उसना म्हणावे की परत आलेला म्हणावे, हा प्रश्न केवळ शब्दांचा नाही. प्रभाव आणि ग्रहण या संज्ञांची दिशा एकेरी मानली, तर या प्रवासाचे वर्णनच करता येत नाही.

या प्रवासात कथेची रचनाही बदलली. सोमदेवाच्या मालेत अखेरच्या कोड्याला राजापाशी उत्तर नसते. तो गप्प राहतो आणि त्या मौनामुळेच कथाचक्र थांबते. मासिकाला मात्र थांबणे परवडणारे नव्हते. म्हणून ‘चांदोबा’तील राजा प्रत्येक महिन्यास उत्तर देतो, मौन भंगते, वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो आणि पुढच्या अंकाची सोय होते. पंचवीस कथा संपल्यावर नव्या कथा रचून हे सदर दशकानुदशके चालविण्यात आले. मौनाने संपणारी संस्कृत कथामाला बोलण्यामुळे न संपणारी झाली. हा बदल नियतकालिकाच्या गरजेतून आला खरा, पण त्याचा वाङ्मयीन परिणाम मोठा आहे: मराठी मुलांच्या मनात वेताळकथेचा अर्थ न्यायनिवाड्याची अखंड परीक्षा असा रुजला, आणि राजाच्या अंतिम पराभवाचा, ज्ञानाच्या मर्यादेचा धागा विस्मरणात गेला.

या कथांच्या भाषेमागे कोडवटिगंटि कुटुंबराव यांचा हात होता. १९५२ पासून १९८० मधील मृत्यूपर्यंत त्यांनी संपादनाची धुरा सांभाळली. तेलुगू साहित्यात ते कादंबरीकार आणि मार्क्सवादी विचारवंत म्हणून ओळखले जातात. अशा विवेकवादी लेखकाने राजे, यक्ष, भुते यांच्या कथांना आयुष्याची अठ्ठावीस वर्षे द्यावीत, हा विरोधाभास वरवरचा आहे. त्यांच्या संपादनातील कथांत चमत्कार असतो. पण तिढा सुटतो तो बहुधा बुद्धीने, व्यवहारज्ञानाने किंवा न्यायबुद्धीने. त्यांनी जगाच्या साहित्यासाठीही मासिकाची दारे उघडली. होमरचे ‘इलियड’ ‘भुवनसुंदरी’ म्हणून आणि ‘ओडिसी’ रूपधराच्या यात्रा म्हणून भारतीय वेशात अवतरले. ज्या मुलाने ग्रीस हे नावही ऐकले नव्हते, त्याला ही कथा आपल्याच पुराणांची शेजारीण वाटावी अशी योजना यामागे होती. जागतिक साहित्याशी पहिली भेट मूळ नाव न कळताच व्हावी, हे लाभाचे की हानीचे, यावर मतभेद संभवतात. परंतु ती भेट झाली हे नाकारता येत नाही.

येथे या व्यवहारातील सर्वांत गंभीर उणीव पुढे येते. खांडेकरांच्या कादंबऱ्या तमिळमध्ये नेणारे का. श्री. श्री. हे तमिळ वाचकांना नावाने ठाऊक होते. खांडेकर तमिळमध्ये घरोघरी पोहोचले ते त्यांच्यामुळे. उलट दिशेने, मद्रासहून मराठीत, दरमहा एक संपूर्ण अंक आणणाऱ्या मराठी लेखणीचे नाव कथेखाली छापण्याची प्रथा नव्हती. प्रौढांच्या साहित्यात अनुवादकाला निदान मुखपृष्ठाच्या आत स्थान मिळते. मुलांच्या मासिकात तो कामगार ठरतो. चित्रकारांच्या सह्या चित्रांत राहिल्या, म्हणून शंकर, ‘चित्रा’, वड्डादि पापय्या आज ओळखता येतात. शब्दांना सही नव्हती. हजारो मराठी मुलांनी ज्या गद्यातून सलग वाचनाची सवय लावून घेतली, त्या गद्याचे कर्ते वाङ्मयेतिहासात निनावी राहिले. सोप्या, अलंकारविरहित, प्रदेशाचा ठसा नसलेल्या त्या मराठीचे वर्णन कधी ‘भाषांतरित’ म्हणून उपेक्षेने झाले असेल. पण बोली आणि ग्रांथिक यांच्यामधील अशी मराठी मद्रासमध्ये बसून घडविली गेली, ही स्वतंत्र अभ्यासाची बाब आहे.

या अभ्यासाला आता काळाचीही अडचण आहे. १९९८ मध्ये कामगार-तंट्यामुळे मासिके सुमारे वर्षभर बंद राहिली. २००७ मध्ये मुंबईच्या एका तंत्रज्ञान कंपनीने ती विकत घेतली, आणि २०१३ मध्ये प्रकाशन थांबले. चक्रपाणी १९७५ मध्ये, नागी रेड्डी २००४ मध्ये आणि शंकर २०२० मध्ये निवर्तले. मासिक हे स्वभावतःच अल्पायुषी असते. सुट्टी संपली की ते रद्दीत जाते, आणि वाचनालयेही त्याला पुस्तकाइतके जपत नाहीत. विद्यापीठीय ग्रंथालयांनी बालमासिकांना संग्रहयोग्य न मानल्याचे परिणाम अशा वेळी दिसू लागतात.

‘चांदोबा’चे स्थान निश्चित करताना त्याला मराठी म्हणावे की तेलुगू, या वादात न शिरता तीन गोष्टी नोंदविणे पुरेसे ठरेल. एक, भारतीय भाषांमधील देवाणघेवाण केवळ इंग्रजी किंवा हिंदीच्या मध्यस्थीने झाली नाही. तेलुगूपासून मराठीपर्यंतचा मार्ग दक्षिणेतूनच जात होता आणि तो दरमहा चालू होता. दोन, या मार्गावर चित्र आणि शब्द, चित्रपट आणि मासिक यांना वेगळे काढता येत नाही. सुट्टीत पाहिलेले आणि वाचलेले एकाच कारखान्यातून येत होते. तीन, करमणूक म्हणून बाजूला सारलेल्या वाचनातच एखाद्या समाजाच्या सामायिक कल्पनाविश्वाची पायाभरणी होते. म्हणून जुन्या अंकांच्या तेलुगू, तमिळ व मराठी प्रती समोरासमोर ठेवून, कथा-कथेचा पाठ ताडून पाहण्याचे काम मराठी अभ्यासकांनी तेलुगू व तमिळ सहकाऱ्यांसह हाती घेतले पाहिजे. निनावी राहिलेल्या त्या मराठी गद्यकारांना त्यांच्या कामाच्या खुणांवरून ओळखण्याची हीच वाट आहे, आणि अंक हाती लागत आहेत तोवरच ती मोकळी आहे.